गस्ती नौका: इंजिन नवं, पण सांगाडा?

‘नवीन गस्ती नौका कशाला? इंजिन बदला, रंग मारा, अजून वीस वर्षं चालेल.’ हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे.

इंजिन बदलता येतं. खरं म्हातारपण असतं ते सांगाड्यात. वेगात जाणारी छोटी नौका प्रत्येक लाटेवर आपटते, दर वेळी तळाचा पत्रा किंचित लवतो आणि एक दिवस वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर दिसते. अ‍ॅल्युमिनियमचं दुखणं तर आणखी वेगळं: वेल्डच्या आसपास हा धातू मुळातच कमजोर पडतो. पोलाद गंजून आतून पातळ होतं. वरून रंग चकाचक, पण अल्ट्रासोनिक यंत्र लावलं की खरी जाडी कळते.

जुन्याच नौकांवर भागवण्याचा प्रयोग अमेरिकी तटरक्षक दलाने करून पाहिला. 110 फुटी आठ जुन्या नौका वाढवून 123 फुटी केल्या. सांगाडे वाकले, तडे गेले. 2006 मध्ये आठही सेवेतून काढाव्या लागल्या. (स्वस्तातलं काम!) पुढे 154 फुटी नव्या नौका बांधल्या, पहिली 2012 मध्ये दाखल झाली.