हेजहॉग संकेतमार्ग

भ्रूणातील पेशींनी पुढे कोणते रूप घ्यायचे, हे ठरवणाऱ्या मोजक्या रासायनिक संकेतमार्गांपैकी एक. क्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी १९८० मध्ये फळमाशीतील उत्परिवर्तनांचे (जनुकांत घडलेल्या बदलांचे) जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यातील एका जनुकात बिघाड असलेली अळी जाहक या काटेरी पाठीच्या लहान प्राण्यासारखी बारीक काट्यांनी भरलेली दिसे. त्या प्राण्याच्या इंग्रजी नावावरून जनुकाला हेजहॉग म्हटले गेले. पृष्ठवंशी प्राण्यांतील त्याची भावंडे १९९३ मध्ये उजेडात आली. त्यांपैकी सर्वांत परिचित असलेल्या सॉनिक हेजहॉगचे नाव व्हिडिओ गेममधील पात्राचे आहे, आणि त्याच्या बिघाडामुळे जन्मजात व्यंग आलेल्या बाळाच्या आईवडिलांपुढे ते उच्चारणे अवघडच.

पेशीपटलावरील पॅच्ड हे प्रथिन एरवी स्मूदन्ड या दुसऱ्या प्रथिनाला दाबून ठेवते. त्या स्थितीत पेशीतील ग्ली प्रथिने छाटली जातात आणि उरलेले आखूड तुकडे केंद्रकात जाऊन ठरावीक जनुके बंद ठेवतात. बाहेरून आलेले हेजहॉग प्रथिन पॅच्डला चिकटले की स्मूदन्ड मोकळे होते, ग्ली अखंड राहतात आणि तीच जनुके सुरू होतात. थोडक्यात, हा संकेत नवा हुकूम देण्याऐवजी आधीची बंदी उठवतो.

परिणाम मात्रेवर अवलंबून असतो. मेरुरज्जू घडताना पोटाकडच्या बाजूने सॉनिक हेजहॉग पाझरते. उगमाजवळच्या पेशींपासून स्नायू हलवणारे चेतापेशी बनतात, तर दूरच्या, कमी मात्रा मिळालेल्या पेशींपासून जोडकाम करणारे चेतापेशी. कोंबडीच्या पंखाच्या अंकुरातील मागच्या कडेचा तुकडा पुढच्या कडेला बसवला, तर आरशातल्या प्रतिमेसारखी बोटांची दुसरी रांग उगवते, हे १९६८ मध्ये दिसले होते. त्या तुकड्यातून हेच प्रथिन स्रवते, हे कळायला पंचवीस वर्षे जावी लागली.

सॉनिक हेजहॉगचे जनुक हातापायांच्या अंकुरात कधी आणि कुठे चालू व्हावे, हे ठरवणारा डीएनएचा पट्टा मात्र जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरे (डीएनएच्या साखळीतील सुटे घटक) दूर, एका वेगळ्याच जनुकाच्या पोटात दडलेला आहे. त्यातले एक अक्षर बदलले तरी माणसाला किंवा मांजराला जादा बोट येऊ शकते. सापांमध्ये या पट्ट्यातील १७ अक्षरे गळालेली आहेत. सापाचा पट्टा बसवलेल्या उंदरांचे पाय जेमतेम खुंटाएवढे राहिले. ती अक्षरे परत घातल्यावर पाय पुन्हा नीट वाढले. जनुकातील प्रथिनाचा मजकूर न बदलता नुसत्या नियंत्रणाच्या बदलाने प्राण्याची ठेवण किती पालटते, याचे इतके उघड उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील आयडाहो राज्यात एकच डोळा असलेली कोकरे जन्मू लागली. गाभण मेंढ्यांनी खाल्लेल्या एका रानटी वनस्पतीतील सायक्लोपामीन हे द्रव्य त्याला कारणीभूत होते. ते स्मूदन्डला निष्क्रिय करते, त्यामुळे चेहऱ्याची मध्यरेषा आखली जात नाही आणि डोळ्यांचे क्षेत्र दुभंगत नाही. प्रौढपणी हाच मार्ग अकारण चालू राहिला, तर त्वचेचा बेसल पेशी कर्करोग होतो. त्यावर अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळालेले व्हिस्मोडेगिब हे औषधही स्मूदन्डलाच अडवते आणि म्हणूनच गर्भवतींना वर्ज्य आहे.