घाण्याचं लाकूड, जवसाचं तेल आणि नागपूरचा उन्हाळा

गेल्या काही वर्षांत नागपुरात लाकडी घाण्याच्या पाट्या भराभर वाढल्या आहेत. जुन्या इतवारी-महालापासून नव्या वस्त्यांपर्यंत कुठेही जा, शेंगदाणा, तीळ, करडई आणि जवस डोळ्यांदेखत गाळून देणारं एखादं छोटं दुकान सापडतंच. पाटीवरचा सगळा जोर बहुधा ‘लाकडी’ या शब्दावर असतो. मला मात्र वाटतं की या कारागिरांचं खरं कसब त्यांच्या पाटीवर येतच नाही. लाकूड तेलात काही घालत नाही. तेल चांगलं निघतं ते संथ गतीमुळे, ताज्या गाळपामुळे आणि दाणा पारखून आणल्यामुळे.

आधी घाणा कसा चालतो ते पाहू. उखळीत तिरकी बसवलेली जाड लाट, म्हणजे दाणा चिरडणारा लाकडी दांडा असतो. काही घाण्यांत लाट फिरते, काहींत उखळ. फेरे मिनिटाला जेमतेम दहा-पंधरा. दाणा लाट आणि उखळीच्या भिंतीमध्ये चिरडला जातो, पेशींच्या भिंती फुटतात आणि आतले तेलाचे सूक्ष्म थेंब मोकळे होतात. पण मोकळे झालेले थेंब लगेच वाहून येत नाहीत, ते चोथ्याला चिकटून बसतात. इथे घाणेवाला पाण्याचा हबका मारतो. तेल काढताना पाणी कशाला, असं बघणाऱ्याला वाटतं. दाण्यातली प्रथिनं आणि तंतू यांना तेलापेक्षा पाणी जवळचं असतं. पाणी त्यांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि तेलाला तिथून हुसकावून लावतं. शिवाय ओलसर चोथा घट्ट बांधला जातो, त्यामुळे लाटेला दाबायला काहीतरी मिळतं. पाणी कमी पडलं तर तेल सुटत नाही. जास्त झालं तर तेल-पाण्याचा गढूळ काला होतो आणि असं तेल लवकर खवट होतं.

हे प्रमाण ठरवायला घाण्यावर कुठलंही मोजमापाचं यंत्र नसतं. चिरडलेला लगदा मुठीत दाबायचा. मूठ उघडल्यावर तो फुटला नाही आणि बोटांच्या फटीत तेल चमकलं की पाणी पुरे. जवसाच्या सालीत बुळबुळीत चिकट द्रव्य असतं, म्हणून त्याला पाणी फारच जपून द्यावं लागतं. शेंगदाण्याला बसलेला हात जवसाला चालत नाही.

या विद्येशी आपल्या भागाचं नातं जुनं आहे. 1934 साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तो सांभाळला. तिथे तेलघाणीच्या रचनेत सुधारणा करण्याचं काम झालं. 1942 मध्ये नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली आणि तेल तंत्रज्ञान हा तिचा मानाचा विषय ठरला. एकीकडे बैलाच्या घाण्याचा विचार, दुसरीकडे मोठ्या कारखान्यांसाठी घडणारे रसायनतज्ज्ञ, आणि दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर तास-दीड तासाचं. आज घाणा चालवणाऱ्याला या दोन्हींकडचं ज्ञान लागतं.

आता जवसाकडे येऊ, कारण कारागिराची खरी परीक्षा तेच घेतं. विदर्भात जवसाची चटणी घरोघरी असते आणि सावजी रस्सा पूर्वी जवसाच्याच तेलात व्हायचा. या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, म्हणजे वनस्पतींमधलं ओमेगा-3. अठरा कार्बन अणूंची ही साखळी, तिच्यात तीन दुहेरी बंध. दोन दुहेरी बंधांच्या मध्ये सापडलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल धरलेला असतो. ऑक्सिजनशी अभिक्रियेची सुरुवात तिथूनच होते. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याचा हायड्रोजन ओढतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याचा. अशी साखळीच लागते. शेंगदाणा तेलात भरपूर असलेल्या ओलेइक आम्लात अशी कमकुवत जागा एकही नाही, लिनोलेइकमध्ये एक आहे, जवसाच्या आम्लात दोन. त्यामुळे ढोबळमानाने जवसाचं हे आम्ल ओलेइकपेक्षा वीसपट किंवा त्याहून वेगाने खराब होतं.

हाच गुण रंगाच्या कारखान्यात हवाहवासा असतो. हवेतला ऑक्सिजन घेऊन जवसाचं तेल घट्ट होतं, त्याचा पापुद्रा बनतो. म्हणून ते तैलरंगात वापरतात, क्रिकेटच्या बॅटला चोळतात. या अभिक्रियेत उष्णताही निघते. जवस तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो. खाण्यासाठी तेल काढणाऱ्याला मात्र हीच अभिक्रिया जमेल तितकी लांबवायची असते.

उष्णतेचा प्रश्न इथे येतो. लोखंडी एक्सपेलरमध्ये, म्हणजे फिरत्या स्क्रूने दाणा दाबून तेल काढणाऱ्या यंत्रात, घर्षण आणि दाब इतका असतो की तापमान सहज शंभर अंशांच्या आसपास जातं. घाण्यातला लगदा हाताला कोमट लागतो, एवढंच. साधारण दर दहा अंशांमागे अशा अभिक्रियांचा वेग दुपटीच्या घरात वाढतो, म्हणून संथ गाळपाला अर्थ आहे. पण हाच नियम बाटली भरल्यानंतरही लागू राहतो, आणि बाहेर नागपूरचा मे महिना असतो. पंचेचाळीस अंशांत, पत्र्याच्या छपराखाली, पारदर्शक बाटलीत ठेवलेलं जवस तेल घाण्याने जे राखलं ते सगळं थोड्याच आठवड्यांत घालवून बसतं. उजेड तर आणखी वाईट. बियांमधलं थोडं हरितद्रव्य तेलात उतरतं, ते प्रकाश शोषून ऑक्सिजनला जास्त आक्रमक रूपात आणतं. गाळ लवकर बसावा म्हणून तेल उन्हात ठेवायची पद्धत अजून दिसते. शेंगदाण्याचं तेल ती कशीबशी सोसतं. जवसाच्या बाबतीत ती थांबवलीच पाहिजे.

म्हणूनच घाण्यावर ‘जवस काढून नाही ठेवत, घ्याचं असन त आदल्या दिवशी सांगा’ असं ऐकलं की मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो. गिऱ्हाईक परत जाईल हे माहीत असून तो हे सांगतो. ताज्या जवस तेलाला दाण्यासारखी चव असते. काही आठवडे गेले की ते कडवट होतं. अनेकांना ही कडू चव अस्सलपणाची खूण वाटते. प्रत्यक्षात जवसात सायक्लोलिनोपेप्टाइड नावाची अमिनो आम्लांची लहान वर्तुळं असतात. त्यांच्यातल्या गंधकाला ऑक्सिजन चिकटला की ती कडू लागतात. म्हणजे कडवटपणा हा तेल जुनं झाल्याचा पुरावा. छोटी गडद बाटली, फ्रीज, आणि तळणीला हे तेल न वापरणं, एवढं पाळलं तरी पुष्कळ. काही विक्रेते त्याची माशाच्या तेलाशी बरोबरी करतात, ती बरोबर नाही. जवसातलं ओमेगा-3 शरीराला आवश्यक आहे, पण त्याचं माशातल्या प्रकारांत रूपांतर फार थोडं होतं.

दाण्याची पारख हा तर माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात न दिसणारा भाग. कारखान्यात तेल शुद्ध करताना त्याचा वास, रंग, मोकळी आम्लं असं बरंच काही निघून जातं. त्याबरोबर बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विषही निघतं. ओलाव्यात साठवलेल्या शेंगदाण्यावर अस्परजिलस बुरशी हे विष तयार करते आणि ते यकृताला घातक आहे. घाण्याच्या तेलाचं शुद्धीकरण होत नाही, फक्त गाळ बसवतात. त्यामुळे दाणा खराब असेल तर दोष थेट बाटलीत येतो. सुरकुतलेला, काळवंडलेला, फुटका दाणा सुपात घेऊन निवडत बसणं हे वेळखाऊ काम दिसतं, पण घाण्याच्या तेलाची सुरक्षितता त्याच सुपात ठरते. स्वस्तात मिळालेला फुटका माल गाळणाऱ्याचं तेल लाकडी घाण्याचं असलं तरी मी घरात आणणार नाही.

चांगला जवस मिळतो कुठे? मौदा, भिवापूरपासून भंडारा, गोंदियाकडे गेलं की धानाचा पट्टा लागतो. इथे उतेरा पद्धत आहे. धान कापणीला आलं असताना, बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, ओल असतानाच उभ्या पिकात जवस फोकून, म्हणजे हाताने विखरून देतात. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर जवस वाढतो आणि थंडीत बांध्या निळ्या फुलांनी भरतात. उत्पादन कमी येतं, पण खर्चही नाममात्र. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातल्या जवस संशोधनातून एन. एल. 97, एन. एल. 260 यांसारखे वाणही निघाले आहेत. अडचण भावाची आहे. करडई, मोहरीला केंद्राचा हमीभाव आहे, जवसाला नाही. घाणेवाल्याने शेतकऱ्याशी आधी बोलून ठेवलं, भाव ठरवला, तर उतेऱ्यात जवस फोकायला कारण उरतं. नाहीतर बांधी पडीक राहते.

आता ‘एवढं महाग का?’ याचा हिशेब. शंभर किलो जवसात साधारण चाळीस किलो तेल धरा. घाण्याच्या ढेपेत, म्हणजे गाळून उरलेल्या चोथ्यात, दहा-बारा टक्के तेल राहून जातं, म्हणजे हाती येतं बत्तीस किलोच्या आसपास. हेक्झेन या द्रावकाने तेल ओढणारा कारखाना ढेपेत टक्काभरही ठेवत नाही, त्याला एकोणचाळीस किलो मिळतं. हा सात किलोंचा फरक गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो. पण ते तेल वाया जात नाही. तेलकट ढेप दुभत्या जनावरांना चांगली मानतात, आणि जवसातले लिग्नॅन हे उपयुक्त घटकही तेलात फारसे न उतरता तिच्यातच राहतात. जवसाच्या दाण्यात सायनाइड सोडणारी संयुगंही थोड्या प्रमाणात असतात. म्हणून गाईला कच्ची ढेप भिजवून ठेवून देऊ नये, उकळून द्यावी. ढेपेचे पैसे धरूनच घाणेवाला तेलाचा भाव बसवतो, आणि जवस देणारा शेतकरीच ढेप परत नेत असेल तर तो भाव दोघांनाही परवडतो.