गाडीत दुसरी बॅटरी कुठली घ्यायची? आधी ती भरणार कशी ते बघा

फोर बाय फोर घेऊन लांब फिरायला जाणाऱ्या माणसाला कधी ना कधी दुसऱ्या बॅटरीचं वेड लागतंच. गाडीत कॉम्प्रेसरवाला फ्रिज आला, रात्री तंबूत लाइट आले, चार मोबाइल आणि कॅमेरा चार्जला लागला की सकाळी सेल्फ मारताना पोटात गोळा येतो, इंजिन चालू होईल ना म्हणून. मग शोधाशोध सुरू होते आणि पहिला प्रश्न हमखास हाच असतो, १०० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे किती अँपिअर किती तास मिळतील त्याचं माप) घेऊ की २००, एजीएम (शिशाच्या बॅटरीचाच न सांडणारा प्रकार) घेऊ की लिथियम. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी बघायचं की रोज किती करंट काढणार, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काढलेला परत भरणार कुठून आणि किती वेळात. बॅटरी काही वीज तयार करत नाही, आपण दिलेली साठवते फक्त, आणि कधीच पूर्ण न भरणारी मोठी बॅटरी म्हणजे गाडीत उगाच वाहिलेलं शिसं.

कंपनीतून आलेली बॅटरी असतानाही वेगळी का लागते हे आधी समजून घेऊ. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाच्या ॲसिडमध्ये बुडवून पहिली परत चार्ज होणारी बॅटरी बनवली, आणि आजही बहुतेक गाड्यांच्या बोनेटखाली मुळात तीच केमिस्ट्री आहे. इंजिन फिरवायला समजा ३०० अँपिअर लागले आणि ते दोन सेकंद लागले, तर हिशोब होतो ६०० अँपिअर-सेकंद, म्हणजे जेमतेम ०.१७ एएच. एक मोबाइल पूर्ण चार्ज करायला याच्या सात-आठ पट तरी ऊर्जा लागते! सेल्फला ऊर्जा थोडीच लागते, पण ती एका झटक्यात हवी असते. म्हणून स्टार्टर बॅटरीत पातळ पातळ खूप प्लेटा भरतात, जेणेकरून ॲसिडला भिडणारा पृष्ठभाग जास्त मिळेल. गाडी सुरू झाली की लगेच अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा जनरेटर, ते भरून काढतो, त्यामुळे ही बॅटरी बिचारी आयुष्यभर जवळपास फुलच असते.

आता हीच बॅटरी रात्रभर फ्रिजला जोडली की काय होतं ते बघा. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं, ते मूळ मटेरियलपेक्षा जास्त जागा घेतं, चार्ज केलं की परत आकसतं, आणि या फुगण्या-आकसण्यात पातळ प्लेटांवरचं मटेरियल सुटून खाली पडायला लागतं. डीप सायकल बॅटरीत, म्हणजे पुन्हा पुन्हा खोलवर उतरवून भरायला बनवलेल्या बॅटरीत, प्लेटा जाड असतात आणि पेस्ट घट्ट असते, म्हणून ती हा मार सहन करते. पण एक गोष्ट दोघींनाही चालत नाही, ती म्हणजे उतरलेल्या अवस्थेत पडून राहणं. सल्फेटचे बारीक कण हळूहळू मोठे कडक स्फटिक होतात आणि मग कितीही चार्ज करा, ते परत विरघळत नाहीत, तेवढी कपॅसिटी कायमची गेली.

बॅटरीवर लिहिलेला आकडासुद्धा नीट वाचायला हवा. १०० एएच म्हणजे बहुतेक वेळा २० तासांच्या हिशोबाने १००, म्हणजे ५ अँपिअर २० तास. करंट जास्त ओढला की शिशाची बॅटरी त्यापेक्षा कमी देते, हे पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच मांडलंय. इन्व्हर्टरवर १००० वॅटची पाणी तापवायची केटली लावली तर बॅटरीतून ९० अँपिअरच्या आसपास जातात, कागदावर १०० एएचची बॅटरी तासाभराहून जास्त पुरायला पाहिजे पण ती अर्ध्या-पाऊण तासातच मान टाकते. शिवाय शिशाची बॅटरी रोज निम्म्याच्या खाली नेली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून १०० मधले ५०च आपले असं समजून चालायचं.

रोजचा खर्च किती? मोठा खाणारा एकच, फ्रिज. चालू असताना तो साधारण ३ ते ५ अँपिअर घेतो पण थर्मोस्टॅटमुळे सतत चालत नाही, त्यामुळे २४ तासांत ३० ते ४५ एएच जातात, कडक उन्हात आणि सारखं झाकण उघडलं तर त्याहून जास्त. एलईडी लाइट, फोन, पाण्याचा छोटा पंप हे सगळं मिळून दहाएक एएच. म्हणजे रोजचे ५० धरा. हा आकडा अंदाजाने काढण्यापेक्षा सगळं सामान जोडून एक दिवस मीटर लावून मोजलेला बरा, बॅटरी घेण्याआधी.

आता खरा मुद्दा, भरायचं कसं. शिशाची बॅटरी निम्मी उतरली असेल तर ८० टक्क्यांपर्यंत भराभर चार्ज होते, आणि मग एकदम आळशी होते. वरवरचं सल्फेट संपलेलं असतं आणि उरलेलं प्लेटच्या आत खोल असतं, तिथून ॲसिड बाहेर झिरपायला वेळ लागतो, त्यामुळे व्होल्टेज तेवढंच ठेवलं तरी बॅटरी आत घेते तो करंट कमी कमी होत जातो. शेवटचे २० टक्के भरायला कित्येक तास लागतात, आणि अल्टरनेटर १५० अँपिअरचा असला तरी त्यात काही फरक पडत नाही कारण अडथळा अल्टरनेटरमध्ये नाहीच, तो बॅटरीच्या आत आहे. आता विचार करा, रोज दोन तास गाडी चालवायची आणि मग मुक्काम, असा ज्यांचा प्रवास असतो त्यांची शिशाची बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही, रोज ८०च्या आसपास अडकते, सल्फेट साचत जातं आणि मग लोक म्हणतात बॅटरी वर्षभरात बसली, कंपनी फालतू आहे. कंपनीचा दोष असेलही कधी, पण बहुतेक वेळा ती उपाशी राहून मेलेली असते.

एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. त्यामुळे गाडी कलंडली तरी ते सांडत नाही, प्लेटा घट्ट दाबून बसवलेल्या असल्याने खडबडीत रस्त्याचे धक्के सोसतात, आणि अंतर्गत रेझिस्टन्स कमी असल्यामुळे साध्या पाण्याच्या बॅटरीपेक्षा चार्ज लवकर घेते. पण शेवटच्या २० टक्क्यांचं रडगाणं तिथेही आहेच. जेल बॅटरी (जिच्यात ॲसिड जेलीसारखं घट्ट केलेलं असतं) डीप सायकलला चांगली, मात्र तिला जास्त व्होल्टेज सोसत नाही आणि गाडीतल्या चार्जिंगवर तिचा जीव लवकर जाऊ शकतो, म्हणून मी तिच्या वाटेला जाणार नाही.

लिथियम म्हणताना गाडीसाठी जी घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट, लोक एलएफपी म्हणतात ती. हे मटेरियल टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या लॅबमध्ये पुढे आलं, १९९७च्या त्या शोधनिबंधात पहिलं नाव अक्षय पाधी या भारतीय वंशाच्या संशोधकाचं आहे, आणि गुडइनफना पुढे २०१९ मध्ये लिथियम बॅटरीच्या कामासाठी नोबेल मिळालं. यात ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे तापल्यावर तो सहजासहजी सुटत नाही आणि आग भडकायचा धोका मोबाइल-लॅपटॉपमधल्या लिथियमपेक्षा बराच कमी. एक सेल ३.२ व्होल्टचा, चार सेल ओळीने जोडले की १२.८ होतात, म्हणजे १२ व्होल्टच्या गाडीला अगदी सोयीचं.

लिथियमचं कौतुक करताना सगळे वजनाबद्दल बोलतात, आणि ते खरंच आहे, १०० एएचची एजीएम ३० किलोच्या आसपास आणि एलएफपी साधारण १२ किलो. त्यात १०० मधले ८०-९० बिनधास्त वापरता येतात आणि सायकल (एकदा उतरवून परत भरली की एक) हजारांनी मिळतात. पण मला विचाराल तर तिचा खरा फायदा चार्जिंगमध्ये आहे. ती जवळपास शेवटपर्यंत तितकाच करंट घेत राहते, म्हणजे २५ अँपिअरच्या चार्जरवर दोन तास गाडी चालवली की ५० एएच आत गेले, दिवसाचा खर्च निघाला. आणि पूर्ण नाही भरली तरी तिला काही फरक पडत नाही, उलट निम्म्यावर ती खूश असते.

तिचे नखरेही आहेत. शून्य डिग्रीच्या खाली चार्ज केली तर लिथियम ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी वरच धातूच्या रूपात साचतं आणि ते नुकसान कायमचं असतं, डिस्चार्ज मात्र त्या थंडीत चालतो. म्हणून उंच डोंगरात किंवा बर्फात जाणाऱ्यांनी थंडीत चार्जिंग आपोआप बंद करणारं बीएमएस (बॅटरीच्या आतलं राखण करणारं सर्किट) आहे का हे बघायलाच हवं, काहींमध्ये छोटा हीटरही येतो. दुसरं म्हणजे व्होल्टेज बघून ती किती भरलीय ते कळत नाही. शिशाच्या बॅटरीला थोडा वेळ आराम देऊन मीटर लावला तर १२.७ म्हणजे फुल आणि १२.२ म्हणजे साधारण निम्मी असं कळतं, एलएफपीचं व्होल्टेज मधल्या सगळ्या प्रवासात जवळपास सपाट राहतं आणि शेवटी धाडकन पडतं. तिला शंट (वायरमधून जाणारा करंट मोजायची पट्टी) लावून आत किती गेलं, बाहेर किती आलं हे मोजणारा मॉनिटर हवाच.

आता अल्टरनेटरकडे येऊ, कारण निम्मे घोळ इथेच होतात. जुन्या गाड्यांमध्ये अल्टरनेटर सतत १४ व्होल्टच्या वर देत असायचा, मग मध्ये एक व्हीएसआर रिले (व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) टाकला की काम भागायचं, इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातात आणि बंद केलं की वेगळ्या होतात. नवीन गाड्यांमधला स्मार्ट अल्टरनेटर डिझेल-पेट्रोल वाचवण्यासाठी मुख्य बॅटरी भरली की व्होल्टेज खाली आणतो, कधी कधी साडेबाराच्या आसपास, आणि ब्रेक मारताना परत वर नेतो. एवढ्याशा व्होल्टेजवर मागची बॅटरी भरणार कशी? त्यात वायरचा लॉस वेगळाच. ५ मीटर लांब आणि ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, ४० अँपिअर, हिशोब करा, अर्ध्या व्होल्टच्या वर वाटेतच जातो आणि तो फक्त जातानाचा, अर्थिंगची बाजू अजून धरलीच नाही. १६ स्क्वेअर एमएम घेतली तर हाच लॉस ०.२ च्या आसपास येतो. शिशाला १४.४ लागत असताना मागे १३.८ पोचलं तर बॅटरी वर्षानुवर्षं अर्धपोटीच राहणार.

म्हणून आज डीसी टू डीसी चार्जर. समोरून कमी-जास्त जे येईल ते घेऊन तो मागच्या बॅटरीला तिला हवं तसं व्होल्टेज देतो. लिथियमला तर तो हवाच, कारण एलएफपीचा रेझिस्टन्स इतका कमी की थेट जोडली तर अल्टरनेटर देईल तितकं ओढत बसते, आणि आयडलिंगला अल्टरनेटरचा स्वतःचा पंखा हळू फिरत असतो तेव्हा तो भाजून निघतो. त्यात बीएमएसने मध्येच कनेक्शन तोडलं तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. चार्जर मध्ये असला की करंटला लगाम राहतो.

फ्यूजबद्दल एक गोष्ट जी बरेच जण विसरतात. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या वायरला दोन्ही टोकांना वीज आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना लागतो, बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला. पुढे एकच लावला आणि मध्ये कुठे वायर चेसिसला घासून शॉर्ट झाली, तर पुढचा फ्यूज उडेल पण मागची बॅटरी शेकडो अँपिअर त्याच वायरमध्ये ओतत राहील.

बसवायची कुठे? बोनेटखाली जागा असते पण उष्णताही असते, आणि शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण दर १० डिग्रीला निम्मं होतं असं धरतात, लिथियम तर तिथे ठेवूच नये. पाण्याची उघडी बॅटरी केबिनमध्ये नको, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. कुठेही ठेवा, बोल्टने आवळलेल्या ट्रेमध्ये, नुसत्या दोरीने किंवा पट्ट्याने नाही. जोराचा ब्रेक लागला तर ३० किलोचा ठोकळा कोणाच्या तरी पाठीत येईल.

विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र) असेल तर तो मुख्य बॅटरीवरच ठेवा आणि इंजिन चालू ठेवून वापरा. जोर लागला की विंच ४०० अँपिअर ओढू शकतो, १०० अँपिअरच्या बीएमएसवाली लिथियम तिथे लगेच बंद पडते, आणि नेमकी गाडी चिखलात असतानाच.

मग कोणी काय घ्यावं? महिन्यातून एखादा शनिवार-रविवार जाऊन घरी आल्यावर गाडी प्लगवर लावणाऱ्याला एजीएम पुरते, ती शेवटचे २० टक्के घरी निवांत भरून घेईल. रोज थोडं थोडं चालवत महिनाभर फिरणाऱ्याने लिथियम आणि डीसी टू डीसी घ्यावा, तिथे दुसरा विचारच नको. एकाच जागी चार दिवस तळ ठोकणाऱ्याने मोठ्या बॅटरीआधी सोलर पॅनल घ्यावं, १०० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला ३०च्या आसपास एएच देतं, सावलीत लावलं तर जवळपास काहीच नाही, त्यामुळे छतावर पक्कं बसवण्यापेक्षा उन्हात सरकवता येणारं घडीचं पॅनल मला जास्त आवडतं.

आणि फिरून आल्यावर गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर एजीएम पूर्ण भरून ठेवा, जमलं तर छोट्या मेंटेनन्स चार्जरवर. लिथियम निम्मी-पाऊण भरून, सगळे लोड काढून. बीएमएस स्वतः थोडासा करंट खात असतो, म्हणून मध्ये एकदा मॉनिटर बघून घ्या.