शेरलॉक बघताना सुगावा कोणता अन् नुस्ता डोळा मारलेला कोणता

मूळ कथा वाचलेला माणूस डिटेक्टिव्ह सिरीज बघायला बसला की त्याचा खेळच वेगळा असतो. घरातले बाकीचे खुनी कोण ते शोधायलेत आणि हा बाबा बसलाय रायटरनं कुठं काय फिरवलं असंल ते हुडकत. आमचा लातुरात असाच एक ग्रुप आहे, अर्धी पोरं नीटची तयारी करणारी, आम्ही काही जण क्लासमध्ये शिकवणारे, आणि नांदेडहून फोनवर भांडणारा माझा मावसभाऊ, जो कुठल्याच गोष्टीला पहिल्या फटक्यात हो म्हणत नाही. भांडण दर वेळी एकाच जागी अडतं. पडद्यावर मूळ कथेतलं काहीतरी दिसतं, एखादं नाव, एखादी वस्तू, की एक जण म्हणणार हा सुगावा आहे बघ, यावरूनच पुढचं कळतं, आणि दुसरा म्हणणार काही नाही रे, वाचणाऱ्यांना डोळा मारलाय नुस्ता. (इथून पुढं सगळे शेवट उघडे पडणारेत. ज्यांनी बघितलं नाही त्यांनी आधी बघून या, मग शिव्या देऊ नका.)

दोन्ही दिसायला सेम असतात हे खरं. पण सुगावा म्हणजे ज्याच्यावर पुढची गोष्ट उभी राहते, तो काढून घेतला तर शेवट कोसळतो. डोळा मारणं म्हणजे आपण ओळखलं, हसलो, झालं. बीबीसीच्या शेरलॉकमधल्या 2012 च्या ‘अ स्कँडल इन बेलग्रेव्हिया’त शेरलॉकचा दोस्त जॉन वॉटसनच्या ब्लॉगवर एका केसचं नाव ‘द स्पेकल्ड ब्लाँड’ असं दिसतं, ती कॉनन डॉयलच्या 1892 च्या ‘द स्पेकल्ड बँड’ या होम्सकथेची गंमत. एपिसोडात मूळ कथेतला ना साप आहे ना सावत्र बाप, आणि तेवढा शॉट कापला तरी एपिसोडला काडीचा फरक पडत नाही. इथपर्यंत सोपं आहे. अवघड तिथं होतं जिथं रायटरला पक्कं माहितीय की आपण पुस्तक वाचून आलोय.

सगळ्याच सिरीजला हे लागू नाही बरं का. जेरेमी ब्रेटची ग्रॅनडा टीव्हीवाली होम्स मालिका, 1984 ते 1994, किंवा आपल्या दूरदर्शनवर 1993 ला आलेली बासू चॅटर्जींची ब्योमकेश बक्षी, रजित कपूरवाली, यात मूळ कथा बऱ्यापैकी जशीच्या तशी आहे. तिथं वाचलेल्याला शेवट माहिती असतो आणि तो आरामात चहा पीत बघतो. अंदाज लावायची खाज सुटते ती गोष्ट आजच्या काळात आणून उलटीपालटी करणाऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे बीबीसीची 2010 ते 2017 मधली शेरलॉक.

यात शिकण्यासारखा एपिसोड एकच घ्यायचा झाला तर मी ‘द हाउंड्स ऑफ बास्करविल’ घेईन, जानेवारी 2012 चा. मूळ कादंबरी 1901-02 मध्ये मासिकात क्रमशः आलेली. तिच्यात गुन्हेगार स्टेपल्टन, मुरमाडावर फुलपाखरं पकडत हिंडणारा शेजारी, आणि फ्रँकलंड नावाचा एक म्हातारा, ज्याला दुसऱ्यांवर कोर्टात केसेस टाकायचा नाद आहे, दुर्बीण लावून बसतो, पण जीवानिशी कुणाचं वाईट करत नाही. (आपल्याकडं प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात असा एक तरी फ्रँकलंड सापडतो, बांधाच्या वादात हयात गेलेला.) आता एपिसोडात काय होतं, बास्करविल हे वाडा न राहता मिलिटरीचं संशोधन केंद्र झालंय आणि तिथं डॉ. स्टेपल्टन नावाची शास्त्रज्ञ बाई दिसते. झालं! वाचलेल्या सगळ्यांचं बोट तिच्याकडं. त्यात तिच्या पोरीचा ससा अंधारात चमकायचा हे कळतं, आणि मूळ कथेतला कुत्रा फॉस्फरस लावून चमकवलेला, मग तर खात्रीच झाली म्हणायची. आणि निघतो कोण, तर डॉ. फ्रँकलंड. शेरलॉक खोट्या ओळखीवर आत घुसलेला असतो, हा त्याला ओळखतो आणि तरी वाचवतो, इतका गोड माणूस.

इथं नीट बघा. स्टेपल्टन हे नाव ठेवलं, पण त्या नावाचं काम काढून दुसऱ्याला दिलं. ससा म्हणजे डोळा मारणं, बाईनं केलेला जेलीफिशच्या जीनचा प्रयोग, मुख्य गुन्ह्याशी संबंध नाही. आणि ज्याला आपण नुस्तं वातावरण समजून सोडून दिलं ते धुकं मात्र सुगावा निघालं. पुस्तकात धुक्यामुळं होम्सचा डाव फसता फसता राहतो, इथं धुक्यातच औषध सोडलेलं, ज्यानं माणसाला भीतीनं नसलेला राक्षसी कुत्रा दिसतो. पुस्तकात स्टेपल्टन ग्रिम्पेनच्या दलदलीत गडप होतो, इथं फ्रँकलंड ग्रिम्पेनच्या सुरुंग पेरलेल्या मैदानात उडतो. म्हणजे गुन्हेगाराला जमीनच गिळणार हे काही बदललं नाही, दलदलीचा सुरुंग झाला तेवढंच.

मी क्लासमध्ये टेस्ट सिरीजचे पेपर काढतो म्हणून मला हे लगेच ओळखीचं वाटलं. चार ऑप्शनमध्ये एक असा टाकायचा असतो जो पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणाचं जसंच्या तसं उत्तर आहे, फक्त प्रश्नातला आकडा बदललेला असतो. ज्यानं काहीच वाचलं नाही तो त्यात अडकत नाही, अडकतो तो पाठ करणाराच. डॉ. स्टेपल्टन म्हणजे तसला ऑप्शन.

तर मग ओळखायचं कसं? माझा आपला एक ठोकताळा आहे. पडद्यावर ती गोष्ट आली तेव्हा दचकलं कोण, ते बघायचं. दचकलो नुस्ते आपणच, म्हणजे पुस्तक वाचलेले, आणि गोष्टीतल्या माणसांना त्याचं काहीच वाटलं नाही, तर ते डोळा मारणं. पण गोष्टीतल्याच एखाद्या माणसाचा चेहरा पडला, तो काही लपवायला लागला, विषय बदलायला लागला, तर तो सुगावा, भले आपल्याला ते कितीही पुस्तकी गंमत वाटो.

याचं पक्कं उदाहरण म्हणजे आग्रा. 1890 च्या ‘द साइन ऑफ फोर’ मध्ये 1857 च्या धामधुमीत पळवलेला आग्र्याचा खजिना आहे, चार जणांनी शपथ घेऊन वाटून घ्यायचा ठरवलेला, आणि शेवटी मेरी मॉर्स्टनसमोर पेटी उघडते ती रिकामी. सिरीजमध्ये 2014 च्या ‘हिज लास्ट व्हाउ’त जॉनची बायको मेरी त्याच्या हातात एक पेन ड्राइव्ह देते, त्यावर लिहिलेलं ए.जी.आर.ए. आमच्या ग्रुपवर सगळे खूश, वा वा, आग्रा, काय सलाम ठोकलाय. मेरी म्हणते ही माझ्या नावाची अक्षरं. पण तो सीन परत लावून बघा. ती जॉनला सांगते की हे वाचलंस तर तू माझ्यावर प्रेम करणार नाहीस, आणि मी समोर असताना वाचू नको. एवढी घाबरलेली बाई! जॉन शेवटी न वाचताच तो ड्राइव्ह आगीत टाकतो, म्हणजे रिकाम्या पेटीसारखंच, खजिना कुणाच्याच हाती लागत नाही. उलगडा 2017 ला झाला, की ती अक्षरं एका बाईची नव्हतीच, चार हेरांची होती, अ‍ॅलेक्स, गॅब्रिएल, रोझमंड, अजय. चार! पुस्तकातही चारच. ज्यानं आग्रा हे नाव सोडून चार माणसांची शपथ लक्षात ठेवली असती त्याला तीन वर्षं आधी ओळखता आलं असतं.

आणि हा उलगडा ज्या एपिसोडात होतो त्यात रायटरनं अंदाज लावणाऱ्यांची जी फजिती केलीय ती मला सगळ्यात आवडते. ‘द सिक्स थॅचर्स’, 1 जानेवारी 2017. मूळ कथा 1904 ची, नेपोलियनचे सहा पुतळे कुणीतरी एक एक करून फोडतोय, आणि शेवटच्या पुतळ्यात बोर्जिया घराण्याचा काळा मोती सापडतो. इथं नेपोलियनच्या जागी मार्गारेट थॅचरचे प्लास्टरचे पुतळे. मोत्याचा विषय आधीच काढून ठेवलेला, म्हणजे आपण निवांत. स्विमिंग पूलच्या काठावर मारामारी होते, पाण्यात पडतात, शेरलॉक भिजलेला, शेवटचा पुतळा हातात, आणि काय ऐटीत सांगायलाय की आत काय आहे मला माहितीय. फोडतो. प्लास्टरच्या तुकड्यांत पेन ड्राइव्ह. ए.जी.आर.ए. त्याचं तोंड बघण्यासारखं होतं, आणि आमचंही तसंच झालेलं, कारण तोही आमच्यासारखाच जुनी कथा धरून बसला होता. मोती हा ऑप्शन त्यालासुद्धा लागू पडला.

दचकण्याचा ठोकताळा दोन्ही बाजूंनी चालतो हे शेरिनफर्डवरून कळतं. चौथ्या सीझनच्या आधी, 2016 च्या जुलैत सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये, रायटरनं हिंट म्हणून तीन शब्द सोडले होते, थॅचर, स्मिथ, शेरिनफर्ड. आता डॉयलनं होम्सला आधी शेरिनफर्ड हे नाव द्यायचं मनात घेतलं होतं, आणि पुढं बेअरिंग-गूल्ड नावाच्या लेखकानं 1962 च्या होम्सचरित्रात होम्सच्या थोरल्या भावाला ते देऊन टाकलं, म्हणून जगातले झाडून सगळे फॅन शेरलॉक आणि त्याचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट सोडून तिसऱ्या भावावर पैसे लावून बसले. निघालं काय, तर बेटावरचा तुरुंग. त्याच वेळी ‘पूर्वेचा वारा’ मात्र कुणी मनावर घेतला नाही. 1917 च्या ‘हिज लास्ट बो’च्या शेवटी होम्स वॉटसनला म्हणतो की पूर्वेकडून वारा येतोय, खूप गाजलेली जागा आहे ती. 2014 ला शेरलॉक जॉनला सांगतो की मायक्रॉफ्ट लहानपणी मला पूर्वेच्या वाऱ्याची भीती दाखवायचा. आपण काय म्हणलो, छान, शेवटचं वाक्य आठवलं. पण लहान पोराला भीती वाटलेली होती ना! ग्रीकांच्या पूर्वेच्या वाऱ्याचं नाव युरस, आणि तेच नाव निघालं लपवून ठेवलेल्या बहिणीचं. भाऊ नव्हताच, बहीण होती.

याच्या उलटही असतं, नाव पुसून टाकायचं आणि काम ठेवायचं. हा प्रकार पकडायला सगळ्यात अवघड, कारण दचकायला काही उरतच नाही. ‘द डाइंग डिटेक्टिव्ह’ ही 1913 ची कथा, होम्स मरायला टेकल्याचं नाटक करतो, खुनी कल्व्हर्टन स्मिथ समोर येऊन सगळं ओकतो, आणि वॉटसन पलंगाच्या मागं लपून ऐकत असतो, साक्षीदार म्हणून. 2017 च्या ‘द लाइंग डिटेक्टिव्ह’मध्ये पलंगामागं कुणी नाही. स्मिथ बेरकी, तो खोलीतले रेकॉर्डर हुडकून काढतो. पण जॉनची जुनी काठी तिथंच राहिलेली असते, आणि शेवटचा रेकॉर्डर त्या काठीत. वॉटसन खोलीत नाही पण वॉटसनची काठी आहे, लपून ऐकायचं काम तिनं केलं. मला ही सगळ्या सिरीजमधली सगळ्यात सुबक जागा वाटते, पुस्तक डोळ्यासमोर ठेवून केलेली आणि तरी पुस्तकातलं काहीच न दाखवणारी.

बाकी सिरीजमध्ये हे इतकं खोल जात नाही. 2012 ला सुरू झालेल्या एलिमेंटरी या अमेरिकन होम्स सिरीजनं होम्सला हरवणारी आयरीन अ‍ॅडलर आणि त्याचा कट्टर शत्रू मोरियार्टी ही एकच बाई करून टाकली, दणका होता, पण एकदाच. अगाथा ख्रिस्तीच्या म्हाताऱ्या डिटेक्टिव्हवरच्या आयटीव्हीच्या मार्पल मालिकेत तर ज्या कथेत मिस मार्पल नव्हतीच तिथं तिला नेऊन बसवलंय, 2006 चा ‘बाय द प्रिकिंग ऑफ माय थम्ब्स’ बघा, मूळ ख्रिस्तीच्याच टॉमी-टपेन्स या नवरा-बायकोच्या जोडीची कथा. तिथं अंदाज लावायचा तो एवढाच, की म्हातारीला जागा करून द्यायला कुणाला बाजूला सारलंय.

आता रेडबिअर्ड, ज्याच्यावरून मावसभावाचं आणि माझं अजून मिटलेलं नाही. तिसऱ्या सीझनपासून हे नाव येतंय, शेरलॉकचा लहानपणीचा कुत्रा म्हणून, आणि नाव निघालं की शेरलॉक हलतो, म्हणजे माझ्या हिशोबानं सुगावा. शेवटच्या एपिसोडात, ‘द फायनल प्रॉब्लेम’मध्ये, कळतं की कुत्रा नव्हताच, व्हिक्टर ट्रेव्हर नावाचा मित्र होता, बहिणीनं विहिरीत टाकलेला. डॉयलच्या 1893 च्या ‘द ग्लोरिया स्कॉट’मध्ये व्हिक्टर ट्रेव्हर हा होम्सचा कॉलेजातला मित्र, आणि ओळख कशी झाली तर ट्रेव्हरच्या कुत्र्यानं होम्सच्या घोट्याला चावा घेतला. मी म्हणतो कुत्रा आणि मित्र ही जोडी पुस्तकात आहेच, लावायचा होता अंदाज. भाऊ म्हणतो, ‘‘कामून उगं रायटरची बाजू घ्यायलास? पुस्तकातला ट्रेव्हर मरत नाही, बहीण नाही, विहीर नाही. नुस्तं नाव उचललं अन् तूच म्हणतोस की नावाला भुलू नका.’’ त्याचं म्हणणं खोडता येत नाही हे मला मान्य आहे. मी त्याला एवढंच म्हणलो की दादा, नाव सोड, पण पोराच्या आठवणीत मित्राचा कुत्रा होऊन बसला ही गोष्ट रायटरला त्या चावणाऱ्या कुत्र्याशिवाय सुचली असती का. त्यावर तो म्हणाला सुचली असती, आणि फोन ठेवला.