रात्री बधिर होणारा हात

तासगाव-पलूसकडे द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी लागली की कात्री दिवसभर हातातून सुटत नाही, पाठोपाठ विरळणी येते. मग बागेत राबणाऱ्या बायकांची तक्रार ऐकू येते: "रात्री हाताला मुंग्या येतात, झोपमोड होते, झटकला की बरं वाटतं." बहुतेक जणी तेल चोळून पुन्हा कामाला लागतात. हे दुखणं, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम, इतकं अंगावर काढू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

मनगटात आठ छोट्या हाडांची कमान असते आणि तिच्यावर जाड पट्टा ताणलेला असतो. या अरुंद बोगद्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नर्व्ह ही नस जाते. कंडरांभोवतीचं आवरण सुजलं की नस दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळी मात्र सहसा सुटते. करंगळीही बधिर असेल तर दुखण्याचं मूळ कोपरात किंवा मानेत आहे का, हे पाहावं लागतं.

झोपेत मनगट दुमडलं की बोगद्यातला दाब वाढतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट आधी रात्रीचा स्प्लिंट (मनगट स्थिर ठेवणारी आधारपट्टी) देतात, साधारण सहा आठवडे. त्यात मनगट अगदी सरळ राहायला हवं. दुकानातल्या बऱ्याच पट्ट्यांतली धातूची पट्टी मनगट मागे वाकवते, ती सरळ करून घ्यावी. सोबत कंडरा सरकवण्याचे व्यायाम असतात: बोटं ताठ, मग आकड्यासारखी, मग सैल मूठ, सगळं सावकाश. मुंग्या वाढल्या तर थांबायचं.

रबरी चेंडू दाबायचा सल्ला घरोघरी मिळतो, पण तो या दुखण्यात चुकीचा आहे. जोरानं मूठ आवळली की बोगद्यातला दाब आणखी वाढतो. त्यापेक्षा कात्रीला धार लावून घ्या म्हणजे जोर कमी लागेल, आणि अधूनमधून हात मोकळा सोडा.

मधुमेह आणि थायरॉईडची तपासणीही करून घ्यावी, दोन्हींत हा त्रास जास्त आढळतो. गरोदरपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो.

हातातून वस्तू निसटू लागल्या, बधिरपणा दिवसभर राहू लागला किंवा अंगठ्याखालचा उंचवटा सपाट दिसू लागला, तर स्प्लिंटवर वेळ घालवू नका. नसेची तपासणी करून हाताच्या सर्जनला गाठा. छोट्या शस्त्रक्रियेत बोगद्यावरचा तो जाड पट्टा कापून नस मोकळी करतात, पण झिजलेला स्नायू पूर्ण भरून येईलच असं नसतं.