ओम्बड्सशी बोललात म्हणजे तक्रार दाखल झाली, असं नाही
(आमच्याशी करार असलेल्या कंपन्यांचे एचआर आणि विभागप्रमुख यांच्यासाठी. ओम्बड्स म्हणजे आम्ही : कर्मचाऱ्याचं म्हणणं गोपनीयपणे ऐकून वाट दाखवणारे, कंपनीबाहेरचे तटस्थ लोक)

शुक्रवारी संध्याकाळी मेल येतो : ‘सोबत तक्रार जोडली आहे. चौकशी करून सोमवारपर्यंत अहवाल द्यावा.’ सीसीमध्ये चार साहेब. आणि जिची तक्रार आहे तिला सांगूनही झालेलं असतं, ‘बाहेरचे ओम्बड्स बघतायत, आता काळजी करू नका.’

असा मेल आम्ही परत पाठवतो. काहींना राग येतो, पैसे मोजून नेमलं आणि हे कामाला नाही म्हणतात! म्हणून हे पत्रक.

आम्ही चौकशी करत नाही, निकाल देत नाही, शिक्षा सुचवत नाही. रिझर्व्ह बँकेचा लोकपालही ‘ओम्बड्समन’च म्हणवतो, पण तो बँकेला भरपाई द्यायला लावू शकतो. तो अधिकार आम्हाला नाही आणि नकोही. आपल्या नावाची फाइल उघडणार नाही, या खात्रीवरच माणूस आमच्याशी मोकळं बोलतो. आम्ही ऐकून घेतो, कुठे दाद मागता येईल ते सांगतो, साहेबांशी कसं बोलायचं याची तयारी करून घेतो. दोघंही राजी असले तर समोरासमोर बसवतो.

खरा घोळ होतो तो मुदतीचा. २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाची लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे जावी लागते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. आमच्याकडे बोलल्याने ही मुदत थांबत नाही, आणि आम्हाला कळलं म्हणजे कंपनीला कळलं असंही होत नाही. त्यामुळे असा विषय निघाला की पहिल्याच भेटीत आम्ही समितीचा रस्ता आणि तारीख सांगतो. पण समितीत कोण आहे विचारलं की फलकावरची जुनी यादी पुढे येते, त्यातल्या दोघी केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे ही समिती लागतेच. २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समितीही लागते. आम्ही या दोन्हींच्या जोडीला आहोत, बदली नाही.

दुसरी नेहमीची विचारणा : ‘कोण आलं होतं, तेवढं सांगा.’ नाही सांगणार. जिवाला धोका दिसला तरच अपवाद. आपल्याकडे ओम्बड्सच्या गोपनीयतेला कायद्याचं वेगळं कवच नाही. म्हणून नावासकट कागद आम्ही ठेवतच नाही, भेटीतली टिपणं काम संपलं की फाडतो. कंपनीला आम्ही देतो त्या तिमाही अहवालात सहा माणसांचं स्टोअर्स वेगळं दाखवलं तर कोण बोललं ते चहाच्या टपरीवर कळेल, म्हणून छोटे विभाग एकत्र धरतो.

एवढ्यानेही काम होतं. एका कारखान्याच्या अहवालात ‘पाळी बदलताना काम सोपवण्यावरून वाद’ ही ओळ सलग दोनदा आली. त्यांनी दोन पाळ्यांमध्ये पंधरा मिनिटं जादा ठेवली, पुढच्या तिमाहीत ती ओळ नव्हती. चौकशी लावली असती तर एक सुपरवायझर सापडला असता आणि भांडण तिथेच राहिलं असतं.

तेव्हा लेखी तक्रार आली की ती आधी तुमच्या समितीकडे किंवा एचआरकडे द्या. माणसाला बोलायचं असेल तर फक्त आमचा नंबर द्या, मेल नको. आमची फी वर्षाची ठरलेली आहे. भेटी दोन झाल्या काय, वीस झाल्या काय, बिल तेच, त्यामुळे हात आखडून माणसं पाठवू नका. विभागप्रमुखांसाठी तासाभराचं सत्र करारातच येतं. पुष्कळ कंपन्या ते मागतच नाहीत. मराठी-हिंदी फलक हवे असतील तर समितीची ताजी यादी पाठवा, तीही त्यावर छापून देऊ.