जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा (कलम ३७०)

जम्मू-काश्मीरला भारतीय राज्यघटनेने दिलेले वेगळे स्थान. १९५० ते २०१९ या काळात ते अस्तित्वात होते. कलम ३७० म्हणजे सवलतींची यादी असा समज रूढ आहे. वास्तविक त्यात राज्याला कोणता कायदा कसा लागू करायचा याची कार्यपद्धती सांगितली होती. पुढचे बहुतेक वाद त्या कार्यपद्धतीचेच आहेत.

पाकिस्तानातून आलेल्या टोळीवाल्यांचे आक्रमण चालू असताना जम्मू-काश्मीर संस्थानाचे महाराजा हरिसिंह यांनी २६ ऑक्टोबर १९४७ रोजी सामीलनाम्यावर सही केली. त्यात संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे विषय भारताकडे सोपवले होते. इतर बहुतेक संस्थानांनीही सुरुवातीला तेवढेच दिले. पुढे त्यांनी भारताची घटना पूर्णपणे स्वीकारली. काश्मीरचा प्रश्न मात्र युद्ध आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांत अडकला. १९४९च्या युद्धबंदी रेषेने (१९७२ पासून नियंत्रण रेषा) संस्थान विभागले गेले. संस्थानाचा अक्साई चीन हा भाग चीनच्या ताब्यात आहे.

कलमाची रचना बारकाईने पाहावी लागते. सामीलनाम्यातील विषयांशी जुळणारे कायदे लागू करताना राष्ट्रपतींनी राज्य सरकारशी सल्लामसलत करणे पुरेसे होते. इतर कोणत्याही विषयासाठी राज्य सरकारची संमती लागे, आणि ती राज्याच्या घटना समितीपुढे ठेवायची होती. कलमच रद्द करण्यासाठी याच समितीची शिफारस आवश्यक होती. समितीने राज्याची स्वतंत्र घटना तयार केली, ती २६ जानेवारी १९५७ रोजी पूर्णपणे अमलात आली आणि समितीचे काम संपले. शिफारस करणारी संस्थाच उरली नाही आणि कलम कायमचे झाले की काय, हा प्रश्न तेव्हापासूनचा. १९६८च्या संपत प्रकाश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम चालू असल्याचे सांगितले.

दरम्यान स्वायत्तता आतून झिजत गेली. १९५४च्या राष्ट्रपती आदेशाने घटनेच्या अनेक तरतुदी राज्याला लागू केल्या आणि कलम ३५अ आणले. कायम रहिवाशांची व्याख्या करून जमीन, सरकारी नोकरी व शिष्यवृत्ती यांत त्यांना खास हक्क देण्याची मुभा विधिमंडळाला मिळाली. मुळात ही व्यवस्था १९२७ च्या संस्थानी अधिसूचनेची. १९६५ मध्ये सदर-ए-रियासत व वजीर-ए-आझम ही पदे जाऊन राज्यपाल व मुख्यमंत्री आले. संमती देणारे राज्य सरकारच केंद्राच्या मर्जीतले असले की संमतीची अट नावापुरती उरे, हा या रचनेचा खरा कच्चा दुवा होता.

५ ऑगस्ट २०१९ रोजी तोच दुवा निर्णायक ठरला. राज्यात राष्ट्रपती राजवट होती, विधानसभा विसर्जित होती; म्हणजे राज्याची संमतीही केंद्राच्याच हातात होती. त्या दिवशीच्या राष्ट्रपती आदेश २७२ने कलम ३६७ मध्ये (घटनेतील शब्दांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणारे कलम) भर घालून ‘घटना समिती’ म्हणजे ‘विधानसभा’ असे वाचायला सांगितले. विधानसभेचे अधिकार संसदेकडे असल्याने संसदेने शिफारस केली आणि ६ ऑगस्टच्या आदेश २७३ने कलम निष्प्रभ झाले. ३१ ऑक्टोबरला जम्मू-काश्मीर व लडाख हे दोन केंद्रशासित प्रदेश अस्तित्वात आले.

११ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कलम ३७० तात्पुरते होते असे ठरवून आदेश २७३ वैध मानला. कलम ३६७ च्या आडून कलम ३७० बदलणे मात्र त्याने अमान्य केले. राष्ट्रपतींना शिफारशीविनाही कलम रद्द करता येते, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. निवडणुकांसाठी ३० सप्टेंबर २०२४ ची मुदत दिली गेली. त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाल्या आणि ओमर अब्दुल्ला केंद्रशासित प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले.